कळतं, पण वळत नाही

सकाळचे सहा पन्नास. सात वाजता शाळेची रिक्षा खाली येते. नऊ वर्षांचा मुलगा दारापाशी पायपुसण्यावर बसला आहे. एक मोजा पायात, दुसरा हातात. हातातल्या मोज्याचा सुटलेला धागा तो बोटाभोवती गुंडाळतो आहे, पुन्हा सोडतो आहे. स्वयंपाकघरातून आई विचारते, “बूट घातलेस का?” तो म्हणतो, “घालतोय.” तो खोटं बोलत नाही. बूट घालायचे आहेत हे त्याला ठाऊक आहे, रिक्षावाले काका फार वेळ थांबत नाहीत हेही ठाऊक आहे, काल याच वेळी काय रामायण झालं तेही आठवतं आहे. पण या घटकेला त्याच्यापुढे फक्त तो धागा आहे. आई दुसऱ्यांदा सांगते, तिसऱ्यांदा सांगते, चौथ्यांदा आवाज चढतो, पाचव्यांदा पाठीत धपाटा बसतो. मुलगा रडत रडत बूट घालून जातो आणि डबा ओट्यावरच राहतो. सव्वासातला त्या डब्याकडे बघताना आईच्याही डोळ्यांत पाणी येतं.

पालकांच्या गटात मी हा प्रसंग कितीतरी आयांच्या तोंडून ऐकला आहे. कुठे बुटांच्या जागी आंघोळ असते, कुठे गृहपाठाची वही. शेवटचं वाक्य मात्र बहुतेकींचं एकच असतं: “त्याला सगळं कळतं हो, पण…”

या ‘पण’च्या पुढचं आपल्या भाषेने कधीच सांगून ठेवलं आहे. कळतं, पण वळत नाही. आपण ते टोमणा म्हणून वापरतो. एडीएचडी असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र त्याच्या अडचणीचं इतकं अचूक वर्णन मला दुसरं सापडलेलं नाही. या विषयाला आयुष्य वाहिलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत: या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, माहीत असलेलं ऐन वेळी हातून होत नाही. हे पुस्तक त्या ऐन वेळेसाठी आहे आणि त्या वेळी मुलाजवळ जे असतात, त्यांच्यासाठी आहे.

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. त्याला मराठी प्रतिशब्द आहेत, पण दवाखान्यात, शाळेत आणि घरात सगळे एडीएचडीच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही त्याची तीन अंगं. सगळ्याच मुलांमध्ये ती थोडीफार दिसतात, म्हणून निदानाच्या अटी कडक आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या नियमावलीप्रमाणे लक्षाची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं धरली जातात. यांपैकी एका गटातली निदान सहा लक्षणं मुलात दिसावी लागतात, ती सहा महिने टिकलेली असावी लागतात, काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि ती घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात. जगभरातल्या पाहण्यांमध्ये शंभर मुलांमागे साधारण पाच मुलं या अटींत बसतात. त्यांतली काही मुळीच धावपळ करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसून राहतात. मुली तर यात फारच दुर्लक्षित राहतात. त्यांना ‘वेंधळी’ म्हटलं की विषय संपतो.

हे मोबाइलच्या जमान्यातलं नवं खूळ आहे, असं कुणी म्हणालं तर त्यांना 1902 साल सांगावं. त्या वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्यानं दिली. बुद्धीला कसलीही उणीव नसताना ज्यांना स्वतःला आवरता येत नाही, अशा मुलांचं वर्णन त्यांत होतं.

‘पालकांचं प्रशिक्षण’ हे शब्द ऐकले की पहिल्यांदा आलेल्या आईबाबांचे चेहरे पडतात. त्रास मुलाला आणि शिकायचं आम्ही? म्हणजे आमचंच चुकलं म्हणायचं. बिचारे आधीच खूप ऐकून आलेले असतात. सासरचे म्हणतात, आईने लाडावून ठेवलाय. माहेरचे म्हणतात, बापाचा धाक नाही. शाळेच्या डायरीत रोज लाल शाईची एक ओळ असते. इमारतीतल्या वाढदिवसांना याला बोलावणं येत नाही.

म्हणून एक गोष्ट आधीच स्वच्छ सांगते. एडीएचडी आईबापांच्या वळणामुळे होत नाही. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं, की एडीएचडीच्या बाबतीत मुलामुलांत जो फरक असतो त्यातला 70 ते 80 टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे. उरलेल्यात गर्भारपणातल्या आणि जन्माच्या वेळच्या काही गोष्टी येतात. 2007 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या 223 मुलांच्या मेंदूंची प्रतिमाचित्रं तेवढ्याच इतर मुलांशी ताडून पाहिली. मेंदूचा बाहेरचा थर इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षी सर्वांत जाड होतो. या मुलांत तो साडेदहाव्या वर्षी होत होता. वाढीचा क्रम तोच, पण वेळ मागे पडलेली. आणि हा उशीर सर्वांत ठळक होता तो कपाळामागच्या भागात, म्हणजे थांबणं, आठवणीत धरणं, आवरणं ही कामं जिथे चालतात तिथे.

याच अंगाने जाणारा एक ठोकताळा बार्कली पालकांना देतात: स्वतःला आवरण्याच्या बाबतीत मुलाचं वय 30 टक्क्यांनी कमी धरा. पायपुसण्यावर बसलेला तो मुलगा गणितात नऊ वर्षांचा असेल, क्रिकेटच्या माहितीत पंधरा वर्षांचाही असेल. सकाळी आवरण्याच्या बाबतीत तो सव्वासहाचा आहे. सव्वासहा वर्षांच्या मुलाला आपण स्वयंपाकघरातून पाच हाका मारत नाही. त्याच्यासमोर जाऊन बसतो.

पालकांनी का शिकायचं, याचं उत्तर इथेच आहे. आठवड्यातून पाऊण तास समुपदेशकाच्या खोलीत हे मूल अगदी शहाण्यासारखं बोलतं. राग आला तर काय करशील, असं विचारलं की “दहा आकडे मोजीन” म्हणतं. मनापासून म्हणतं. बाहेर पडल्यावर लिफ्टचं बटण धाकट्या भावाने आधी दाबलं, की ते दहा आकडे कुठल्या कुठे जातात. चष्मा डोळ्यांवर हवा. दवाखान्याच्या टेबलावर असून भागत नाही. तशी या मुलाला लागणारी मदत त्या जागी, त्या क्षणी लागते, आणि तिथे तेव्हा आई, बाबा, आजी, आजोबाच असतात.

पालकांना शिकवण्याची ही विद्या प्रामुख्याने अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात आकाराला आली. 1960 च्या दशकापासून युजीन शहरात जेराल्ड पॅटरसन यांनी एक साधीच पण कष्टाची गोष्ट केली. त्यांचे सहकारी लोकांच्या घरी जाऊन बसले आणि आईबाप व मुलं एकमेकांशी क्षणाक्षणाला काय करतात ते टिपत राहिले. त्यातून जे हाती आलं ते 1982 साली त्यांनी पुस्तकरूपात मांडलं. आपल्या घरातलं उदाहरण घेऊन सांगते. आई म्हणते, मोबाइल ठेव. मूल आरडतं. आई पुन्हा सांगते, मूल वस्तू फेकतं. दमलेली आई म्हणते, “बरं, पाचच मिनिटं.” घर शांत होतं. मूल शिकलं की फेकाफेक केली की मोबाइल मिळतो. आई शिकली की माघार घेतली की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी आई माघार घेत नाही, धपाटा घालते, मूल त्या क्षणी ऐकतं, आणि मग आईचा हातही शिकतो. दोघंही एकमेकांना रोज थोडं थोडं घडवत असतात आणि दोघांनाही ते नको असतं. वाईट कुणीच नसतं. फास मात्र आवळत जातो.

त्याच काळात ऑरेगनमधल्याच पोर्टलंडच्या वैद्यकीय विद्यापीठात कॉन्स्टन्स हॅन्फ या मानसशास्त्रज्ञ आई आणि मूल यांना एका खोलीत खेळायला बसवत. स्वतः काचेपलीकडे बसून आईच्या कानातल्या यंत्रातून तिला तिथल्या तिथे सुचवत. त्यांनी शिकवण्याचे दोन टप्पे पाडले. आधी आईने मुलाच्या खेळात त्याच्या मागे जायचं, चांगलं दिसेल ते बोलून दाखवायचं. ते जमल्यावरच आज्ञा आणि शिस्तीकडे वळायचं. आज जगभर चालणारे बरेच कार्यक्रम या दोन टप्प्यांचीच लेकरं आहेत: शीला आयबर्ग यांची पालक-बालक संवाद उपचारपद्धती, सिएटलमध्ये कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांनी उभारलेला कार्यक्रम, आणि बार्कली यांचा 1987 साली पुस्तकरूपात आलेला अभ्यासक्रमही.

पालकांनाही शिकावं लागतं, हा विचार आपल्याला परका नाही. ताराबाई मोडकांनी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली ती पालक आणि शिक्षक डोळ्यांपुढे ठेवूनच, आणि मुलाला न मारता वाढवता येतं हे त्या जन्मभर सांगत राहिल्या. ऑरेगनने त्यात भर घातली ती पायऱ्यांची आणि सरावाची.

त्या पायऱ्या पुस्तकात एकेका प्रकरणात येतील. इथे फक्त त्यांची ओळख करून देते.

पहिली पायरी रोज पंधरा-वीस मिनिटांच्या खेळाची. खेळ मुलाने निवडायचा. मोठ्या माणसाने शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, प्रश्नही विचारायचे नाहीत. “हा कुठला रंग?” हासुद्धा प्रश्नच. जे दिसतं ते बोलायचं: “तू निळा ठोकळा वर ठेवलास.” ऐकायला सोपं वाटतं, करायला बसलं की पहिल्या तीन मिनिटांत आपल्या तोंडून चार सूचना निघतात. दिवसभर ज्या मुलाशी आपलं बोलणं फक्त ‘नको’ आणि ‘किती वेळा सांगू’ एवढंच उरलं आहे, त्याच्याशी नातं पुन्हा जोडायची ही जागा आहे. ते नातं नसेल तर पुढच्या एकाही पायरीला जोर येत नाही.

दुसरी कौतुकाची. इथे आपली घडण आडवी येते. तोंडावर कौतुक केलं तर मूल शेफारेल, दृष्ट लागेल, असं ऐकतच आपण मोठे झालो. आणि केलंच कौतुक तर त्याला मागून नांगी असते: “आज आवरलंस ना? मग रोज काय होतं?” मुलाला शेवटचंच ऐकू जातं. गटात आम्ही ही नांगी मोडण्याचा सराव करतो. “हाक मारली आणि तू लगेच आलास. मला बरं वाटलं.” आणि इथे थांबायचं. त्या थांबण्यालाच सगळ्यांत जास्त सराव लागतो.

तिसरी पायरी सांगण्याची. “जरा आवरून घेशील का?” हा मुलाच्या कानाला प्रश्न आहे आणि त्याचं खरं उत्तर ‘नाही’ असू शकतं. ‘आवर’ हा शब्द तर या मुलासाठी फार मोठा आहे. त्यात पंधरा कामं दडलेली आहेत. त्याऐवजी जवळ जायचं, टीव्ही बंद असल्याची खात्री करायची, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं, आणि एकच काम, एकाच वाक्यात, शांतपणे सांगायचं: “ही वही दप्तरात ठेव.” मग मनात दहापर्यंत मोजायचं. पुन्हा सांगायचं नाही, कारणं द्यायची नाहीत, काल-परवाचा हिशेब काढायचा नाही. दहा आकडे मुलाने मोजावेत असं आपल्याला वाटत असतं. ते आधी आपण मोजायचे.

चौथी पायरी हाताला लागणाऱ्या बक्षिसाची. आपल्याला महिनाअखेरची सायकल दिसते. या मुलाला महिनाअखेर दिसतच नाही. त्याला आत्ता काहीतरी मिळायला हवं. गटातल्या एका आजींनी चिंचोके वापरले. काचेच्या बरणीत ठरलेल्या कामाला ठरलेले चिंचोके, टाकताना खळकन आवाज. संध्याकाळी त्यांच्या बदल्यात गोष्ट, जास्तीचा खेळ, रविवारचा नाश्ता निवडायचा मान. पहिल्या आठवड्यात बरणीतून काहीही काढून घ्यायचं नाही, हा नियम. आधी मुलाचा बरणीवर विश्वास बसला पाहिजे. ही लाच आहे का, हा प्रश्न नेहमी येतो. लाच चुकीच्या कामासाठी देतात. हे केलेल्या कामाचं मोल आहे, आणि ज्याला आतून रेटा येत नाही त्याला बाहेरून दिलेला आधार आहे.

शिक्षा येते ती यानंतर, आणि तीही छोटी, आधी सांगितलेली, रागाशिवाय दिलेली: ठरलेल्या खुर्चीवर वयाची जितकी वर्षं तितकी मिनिटं, किंवा बरणीतले चिंचोके कमी होणं. अंधाऱ्या खोलीत, बाथरूममध्ये कोंडणं यात कधीही येत नाही. मारणं येत नाही. शाळेत तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यावर बंदीच आहे. घराने त्याहून मागे राहू नये.

एका वळणाची आगाऊ सूचना देते, कारण तिथे बरेच जण सोडून देतात. आरडाओरड्याकडे लक्ष देणं बंद केलं, की तो सुरुवातीला वाढतो. आजवर जे नाणं चालत होतं ते आज का चालत नाही, म्हणून मूल ते आणखी जोरात वाजवून बघतं. ते चार-सहा दिवस घरातल्या सगळ्यांनी एकाच बाजूला उभं राहायचं असतं. आईने ‘नाही’ म्हटलेला मोबाइल आजोबांनी कळवळून दिला, तर मुलाला कळतं की जोर थोडा कमी पडला होता, एवढंच. म्हणून या पुस्तकात आजी-आजोबांसाठी वेगळं प्रकरण आहे, आणि ‘मला ऑफिसमधून वेळ नाही’ म्हणणाऱ्या बाबांसाठीही.

या प्रशिक्षणातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. 1999 साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सात ते नऊ वर्षांच्या 579 मुलांवर तो 14 महिने चालला होता. लक्ष आणि चंचलता या मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधांचा परिणाम एकट्या वर्तन-उपचारांपेक्षा, म्हणजे पालकांच्या प्रशिक्षणासारख्या उपायांपेक्षा, सरस ठरला. दोन्ही मिळून दिले तेव्हा औषधाची मात्रा कमी लागली, आणि घरातले ताण व मुलाचं वागणं अशा बाबतींत अधिक फायदा दिसला. पुढे 2013 साली एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. पालकांच्या उत्तरांवरून मूळ लक्षणं कमी झालेली दिसत होती, पण कुणाला उपचार मिळाले हे ठाऊक नसलेल्यांनी मोजमाप केलं तेव्हा तो फरक बराच ओसरला. आईबापांची वागण्याची पद्धत सुधारणं आणि मुलाचा हट्ट-आडमुठेपणा कमी होणं, हे फायदे मात्र त्यानंतरच्या अशाच एका तपासणीत काटेकोर मोजणीतही टिकून राहिले.

म्हणजे हे प्रशिक्षण मेंदूची वाढ लवकर पुरी करत नाही. ती वाढ होईपर्यंत घर मोडू देत नाही. मला हे फार मोठं वाटतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली पालकांचं प्रशिक्षण हाच पहिला उपचार सांगितला. ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शिकेतही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तेच आहे. मोठ्या मुलांना डॉक्टरांनी औषध सुचवलं तर त्याला घाबरू नका, आणि औषध सुरू झालं म्हणून पुस्तक मिटूनही ठेवू नका. गोळीमुळे मुलाला थांबता येईल; थांबल्यावर त्याला कोणता आवाज ऐकू येतो, ते आपल्या हातात आहे.

आता शेवटचं, आणि माझ्या मनात सर्वांत आधी आलेलं. हे वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईला मारू नये हे आधीच ठाऊक आहे. ओरडून उपयोग नाही हे प्रत्येक बापाला ठाऊक आहे. तरी सहा पन्नासला हात उठतो. म्हणजे कळतं, पण वळत नाही, हे आपल्यालाही लागू आहे. शिवाय एडीएचडी घराण्यातून येतो. मुलाचं निदान होताना ‘अरे, हे तर माझंच लहानपण’ असं कित्येक बाबांच्या लक्षात येतं. म्हणून या कामाला उपदेश पुरत नाही, प्रशिक्षण लागतं. पोहण्यावरचं पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसंच हे. एका आठवड्याला एकच प्रकरण घ्या. आरशासमोर वाक्यं म्हणून बघा. नवरा-बायकोंनी आळीपाळीने मूल व्हावं आणि दुसऱ्याने सांगायचा सराव करावा. एखाद्या दिवशी धपाटा बसेलच. त्या रात्री मुलाजवळ जाऊन “माझं चुकलं” म्हणा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पायरीवर उभे राहा. घरात मारहाण हाताबाहेर जात असेल, किंवा तुम्हालाच जगणं नकोसं झालं असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा.

त्या पायपुसण्यापाशी पुन्हा जाते. गटात दीड-दोन महिने आल्यानंतरची एका आईची सकाळ. मोजे आता सुटे धागे कापून रात्रीच बुटांत ठेवलेले असतात. दारावर तीन चित्रं चिकटवलेली आहेत: मोजे, बूट, डबा. सहा पंचेचाळीसला तिने गॅस बंद केला आणि मुलासमोर उकिडवी बसली. “मोजे घाल,” म्हणाली आणि मनात मोजायला लागली. सातवर असताना त्याने मोजा हातात घेतला. नवावर असताना भिंतीवरून पाल गेली आणि तो तिकडे बघत राहिला. तिने मोज्याला बोट लावलं, काही बोलली नाही. त्याने मोजा घातला. मग दुसरा. मग बूट, उलटसुलट, मग सुलट. त्या दिवशीही रिक्षावाल्या काकांना एक मिनिट थांबावं लागलं. पण डबा दप्तरात गेला, आणि जिन्यात तीन पायऱ्या उतरून तो वळला आणि म्हणाला, “आई, आज तू ओरडली नाहीस.”

ती म्हणाली, “तू आज तीन चित्रं पुरी केलीस.” आणि थांबली.